कोरियन पंक्तीस जातांना

एकत्र कुटुंब खरोखर एकत्र आहे किंवा नाहीं, हें त्याच्या दारावरील पाटीवरून कळत नाहीं. तें जेवणाच्या पंक्तीवरून कळतें. ज्या घरांत सायंकाळीं सर्व माणसें एका वेळीं पानावर बसतात, त्या घरांत चार मतभेद असले तरी ते जिरून जातात. परंतु बाहेर जेवावयास जाण्याचा प्रसंग आला म्हणजे या एकोप्याची कसोटी लागते. हल्लीं सुशिक्षित घरांतून आढळणारा प्रकार असा: नातवंडें एखाद्या नव्या उपाहारगृहाचें नांव काढतात, मधली पिढी दोन्ही बाजूंकडे पाहूं लागते, आणि घरांतील सर्वांत वडील माणूस शांतपणें म्हणतें, "तुम्ही जा, मी आपला दहींभात खाईन." हें वाक्य इतक्या सौजन्यानें उच्चारलेलें असतें कीं, त्यांत कोणाचें कांहीं चुकलें असें कोणासच वाटत नाहीं. पण चार वेळां असें घडलें म्हणजे तें माणूस पंक्तींतून उठलेंच, असें समजावें.

शाळेंत संस्कृत शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें. पाकशास्त्र हा आमचा विषय नव्हे. परंतु निवृत्तीनंतर वर्षाचे कांहीं महिने अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत, एडिसन येथें, मुलाच्या घरीं जात असल्यामुळें हा प्रश्न आमच्याही दारीं आला. वाचकांपैकीं अनेकांचीं मुलें अशाच उपनगरांतून राहतात, व दरसाल कोणी ना कोणी आजी-आजोबा तिकडे जातात. त्यांस उपयोगीं पडावें म्हणून, रात्रीच्या जेवणासाठीं कोरियन उपाहारगृह निवडतांना काय पाहावें, काय विचारावें आणि कोठें थांबावें, हें येथें सांगण्याचें योजिलें आहे.

कोरियनच कां, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर शेजारधर्मांत आहे. १९६५ च्या कायद्यानें अमेरिकेनें देशवार ठरविलेले प्रवेशाचे जुने कोटे रद्द केले. त्याच दारानें आपले लोकही आंत आले व कोरियन लोकही आले. न्यू यॉर्क शहरांत प्रथम स्थिरावलेलीं कोरियन कुटुंबें, चांगल्या शाळा व मोकळीं घरें शोधीत, हडसन नदी ओलांडून न्यू जर्सीच्या बर्गन काउंटींत उतरलीं. १९३१ सालीं खुल्या झालेल्या जॉर्ज वॉशिंग्टन पुलाच्या पश्चिम टोकास फोर्ट ली हें गांव आहे. त्याच्या शेजारीं पॅलिसेड्स पार्क. २०१० च्या खानेसुमारींत या दुसऱ्या गांवांतील निम्म्याहून अधिक रहिवासी कोरियन वंशाचे निघाले. तेथील ब्रॉड अॅव्हेन्यू या रस्त्यावरून जातांना पेढी, दंतवैद्य, पावरोटीचें दुकान, सर्वांच्या पाट्या कोरियन लिपींत दिसतात. जसें एडिसनच्या ओक ट्री रोडवर साड्या, दागिने व मिठाई यांचें राज्य आहे, तसेंच हें. आपल्या मुलांच्या शाळासोबत्यांत कोरियन मुलें असतात, त्यांचीं गाणीं व नाटकें आपल्या घरांत वाजतात. मग त्यांच्या जेवणाची ओढ लागावी यांत नवल कोणतें? आणि हा संबंध केवळ परदेशांतला राहिलेला नाहीं. पुण्याजवळ रांजणगांव येथें एल्. जी. या कोरियन कंपनीचा कारखाना आहे, आणि तळेगांवचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईनें २०२३ सालीं केला.

कोरियन जेवणाची मांडणी आपल्या लोकांस मुळींच परकी वाटूं नये. मध्यवर्ती पदार्थ भात. त्यास ते 'बाप' म्हणतात, व तो आपल्या आंबेमोहोरासारखा मऊ, चिकट असतो. भाताभोवतीं लहान लहान वाट्यांतून चटण्या, कोशिंबिरी, उकडलेल्या पाल्याच्या भाज्या, खारवलेले पदार्थ येतात. यांस 'बान्चान' असें नांव आहे. आपल्या ताटांत डावी बाजू व उजवी बाजू असते, तेथें ती सबंध मेजावर पसरलेली असते, एवढाच भेद. या वाट्यांचे निराळे पैसे पडत नाहींत, व संपल्या तर बहुधा पुन्हां भरून मिळतात. म्हणजे आग्रहाचें वाढणें तेथेंही आहे. 'बिबिंबाप' म्हणजे शब्दशः कालवलेला भात. 'जुक' म्हणजे पेज. सोयाबीन आंबवून केलेलें 'देन्जांग' व मिरची घालून केलेलें 'गोचुजांग' हे त्यांच्या स्वयंपाकाचे आधारस्तंभ होत. मिरची आपल्याप्रमाणें त्यांच्याकडेही अमेरिका खंडांतून आलेली आहे. तरी आज तिच्यावांचून दोघांचेंही पान हलत नाहीं. रीतिभातींत तर साम्य अधिकच. पंक्तींतील वडील माणसानें चमचा उचलल्याशिवाय इतरांनीं जेवावयास आरंभ करूं नये, असा त्यांचा शिष्टाचार आहे. भातांत काड्या उभ्या खोंचणें ते अशुभ मानतात, कारण तो मृतांच्या नैवेद्याचा प्रकार. पिंडाचा भात ज्यांस ठाऊक आहे त्यांस हें निराळें समजावून सांगावें लागत नाहीं.

येथवर सर्व गोड. अडचण आहे ती आंत लपलेल्या मत्स्याची. कोरिया हें तिन्ही बाजूंनीं समुद्र असलेलें द्वीपकल्प आहे. सुकविलेली 'मेल्ची' नांवाची बारीक मासळी उकळून काढलेलें पाणी हें तेथील बहुतेक रश्श्यांचें मूळ आहे. किमचीचें उदाहरण घ्या. कोबीच्या जातीचा एक लांबट गड्डा मिठांत मुरवून, मिरची, लसूण, आलें लावून तो आंबवितात; पाहावयास शुद्ध शाकाहारी लोणचें. परंतु त्यांत बहुधा खारवलेला बारीक जवळा किंवा मासळीचा अर्क घातलेला असतो. हिंवाळ्याच्या तोंडावर शेजारणींनीं मिळून किमची घालण्याच्या 'किमजांग' या चालीस २०१३ सालीं युनेस्कोनें मानवजातीच्या वारशांत स्थान दिलें. तें योग्यच झालें. आपल्याकडील पापड-कुरडयांच्या दिवसांची ज्यांस आठवण आहे त्यांस तिचें महत्त्व कळेल. पण वारसा म्हणून गौरव करणें निराळें आणि पानांत वाढून घेणें निराळें.

यांत फसविण्याचा हेतु कोणाचा नसतो, हें विशेष ध्यानांत ठेवावें. 'गोगी' म्हणजे मांस. "गोगी नको" असें सांगितलें कीं वाढणारा प्रामाणिकपणें मांसाचे तुकडे काढून ठेवतो. रश्शांतील मासळीचें पाणी हें त्याच्या दृष्टीनें मांसच नव्हे, जसें आपल्याकडे कोणी "गोड नको" म्हटलें तर आमटींतील गुळाचा खडा कोणी मोजीत नाहीं. शब्द एक, पण त्याची व्याप्ति निराळी. तर्कशास्त्रांत जो दोष विद्यार्थ्यांस शिकवितात तोच येथें ताटांत येतो.

दुसरी अडचण लसणाची. कोरियन लोकांची आद्य कथाच लसणापासून सुरू होते. तेराव्या शतकांतील 'सामगुक युसा' या ग्रंथांत असें आहे कीं, एका अस्वलीस मनुष्य होण्याची इच्छा झाली. तेव्हां तिनें गुहेंत राहून लसूण व एक कडू वनस्पति खाऊन व्रत पाळलें, स्त्रीरूप पावली, आणि तिच्या पोटीं राष्ट्राचा मूळपुरुष दान्गुन जन्मला. ज्यांची आदिमाता लसणानें मनुष्य झाली त्यांच्याकडे जाऊन "लसूण वगळा" म्हणणें हें थोडें धाडसाचेंच!

तथापि त्याच देशांत दुसरीही एक परंपरा आहे. इ. स. ३७२ मध्यें बौद्ध धर्म कोरियांत पोहोंचला, व तेथील विहारांत जो स्वयंपाक वाढीस लागला त्यांत मांस-मत्स्य तर नाहींतच, पण उग्र वासाचे पांच पदार्थही वर्ज्य आहेत. लसूण, पातीचा कांदा व त्यांच्याच वर्गांतील दोन पाले हे चार. आणि पांचवा 'हुंगॉ'. हें नांव वाचून आमच्यासारख्या संस्कृताच्या अभ्यासकानें थांबावें, कारण हा आपला 'हिंगु' आहे! चिनी भिक्षूंनीं संस्कृत शब्द आपल्या लिपींत उतरविला, आणि जो हिंग कोरियांत उगवतही नाहीं तो तेथें निषिद्धांच्या यादींत जाऊन बसला. आपल्या सोवळ्याच्या स्वयंपाकांत कांदा-लसूण वगळला कीं त्याची उणीव हिंगानें भरून काढतात. तिकडे हिंगही त्यांच्याच पंक्तीस. एकाच मुळापासून निघालेल्या दोन आचारांनीं किती निराळीं वळणें घ्यावीं, याचें हें मौजेचें उदाहरण आहे. प्रस्तुत प्रश्नीं त्याचा उपयोग असा कीं, कांदा-लसूण न खाणारें माणूस ही कल्पना जुन्या कोरियन गृहिणीस अपरिचित नाहीं. "देवळांतल्याप्रमाणें जेवतो" एवढें सांगितलें कीं ती समजते.

आतां निवडीकडे वळूं. स्थूल मानानें कोरियन उपाहारगृहांचे तीन वर्ग करतां येतात. पहिला, मेजांतच शेगडी बसवून तीवर मांस भाजणारीं. उपनगरांत यांचीच ख्याति अधिक. मोबाईलवर दिसणाऱ्या तारकाही यांसच अधिक मिळतात. परंतु तारका देणारानें काय खाल्लें हें पाहिल्याविना त्या मोजण्यांत अर्थ नाहीं. वडील माणसांस घेऊन येथें जाऊं नये. धूर व वास यांनींच त्यांचें जेवण होतें. दुसरा वर्ग, उकळत्या मातीच्या भांड्यांतून तोफूचा मऊसर रस्सा वाढणारीं. येथें 'भाजीचा रस्सा' म्हणून प्रकार मिळतो, पण त्याचें पाणी मासळीचें किंवा गोमांसाचें असण्याचा संभव फार. ज्यांस कांदा-लसूण चालतो त्यांनीं पूर्ण चौकशी करून येथें जाण्यास हरकत नाहीं. तिसरा वर्ग, पेज व शेवया यांचीं लहान, घरगुती उपाहारगृहें. यांची जाहिरात नसते, बसावयास जागा थोडी. पण आपल्यासारख्यांचें समाधान होण्याचा संभव येथेंच सर्वांत जास्त. केवळ शाकाहारी असें कोरियन उपाहारगृह उपनगरांत क्वचितच आढळतें; न्यू यॉर्कमध्यें मॅनहॅटनच्या बत्तिसाव्या रस्त्यावर 'हांगावी' हें तशा प्रकारचें उपाहारगृह १९९४ सालीं निघालें.

चौकशी दूरध्वनीवरून करावी, व ती दुपारीं तीन-चारच्या सुमारास. गर्दीच्या वेळीं कोणासही खरें उत्तर देण्यास सवड नसते. "तुमच्याकडे शाकाहारी मिळतें काय?" हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण त्याचें उत्तर सर्वत्र "होय" असेंच येतें. त्याऐवजीं पुढील प्रश्न विचारावे. रश्शाचें पाणी कशाचें? किमचींत जवळा किंवा मासळीचा अर्क आहे काय? बिबिंबापवरील गोचुजांग साधें कीं मांस घालून परतलेलें, आणि वर अंडें असतें तें वगळाल काय? जापचेच्या शेवयांत कालवांचा अर्क पडतो काय? आमच्यासाठीं निराळें भांडें घेतां येईल काय? जो ह्या प्रश्नांस "थांबा, आंत विचारून सांगतों" असें म्हणतो तो विश्वासास पात्र. जो तत्काळ "सर्व ठीक आहे" म्हणतो, त्याचे आभार मानून दूरध्वनि खालीं ठेवावा.

आमच्या घरीं हा प्रसंग एका श्रावणांत आला. नातवाचा अठरावा वाढदिवस होता, आणि पुढील आठवड्यांत तो महाविद्यालयासाठीं दूर जाणार होता. त्याची इच्छा एकच: सर्वांनीं मिळून कोरियन जेवावयास जावें. आमची वडील बहीण आक्का त्या वर्षीं आमच्याबरोबर तिकडे आलेली होती. तिचें वय सत्त्याहत्तर. चातुर्मासांत कांदा-लसूण वर्ज्य, आणि मांस शिजलेल्या भांड्यांतील अन्न तर कधींच नाहीं. अपेक्षेप्रमाणें तिनें तेंच वाक्य उच्चारलें. नातू म्हणाला, "आक्काआजी, तूं येणार नसशील तर मीही नको म्हणतों, आपण घरींच जेवूं." आक्का म्हणाली, "अरे, माझ्यासाठीं पोराचा दिवस कां मोडतां?" दोघांचेंही म्हणणें प्रेमाचें, आणि दोन्हींपैकीं कोणतेंही मानलें तरी एकाचा विरस ठरलेला.

अशा वेळीं उपदेश कामाचा नसतो, चौकशी कामाची असते. सूनबाईंनीं तीन ठिकाणीं दूरध्वनि केला. पहिल्या ठिकाणीं "सर्व ठीक" असें उत्तर मिळालें, व रश्शाचें पाणी कशाचें असें विचारतांच "थोडी मासळी" असें निघालें. दुसऱ्यानें सरळ सांगितलें कीं, आमच्याकडे तुमची सोय होणार नाहीं. या स्पष्टपणाबद्दल आम्हांस त्याचें कौतुकच वाटलें. तिसरें पेजेचें लहान उपाहारगृह. तेथील वृद्ध मालकीणबाईंनीं आधीं मुलीस दुभाषी केलें, मग आक्काचें वय विचारलें, आणि म्हटलें: साडेपांचास या, तेव्हां गर्दी नसते. भोपळ्याची पेज 'होबाकजुक' आम्ही स्वतंत्र भांड्यांतच करतों, कारण ती गोडसर असते. तींत भोपळा, तांदळाची पिठी, साखर व मीठ, दुसरें कांहीं नाहीं. सोयाबीनच्या गार दुधांतील शेवया, 'कोंग्गुक्सु', उन्हाळ्यांत असतातच. त्यांत लसूण पडत नाहीं. दोन पालेभाज्या लसणाविना, तिळाच्या तेलांत, नव्या कढईंत करून ठेवतें. किमची मात्र तुम्हांस चालणार नाहीं. ती मी मेजावर ठेवणारच नाहीं.

हें उत्तर सूनबाईंनीं आक्कास जसेंच्या तसें सांगितलें. त्यांत तिखटमीठ लाविलें नाहीं, कीं कांहीं गाळलेंही नाहीं. आक्कानें दोन प्रश्न विचारले: कढई खरोखर नवी का, आणि भोपळा कोणता. मग म्हणाली, "तीं एवढें करणार असतील तर मी येतें. पण मला पटलें नाहीं तर मी नुसतें पाणी पिऊन बसेन. कोणीं आग्रह करावयाचा नाहीं." हा करार सर्वांनीं मान्य केला. आमच्या मतें अशा प्रसंगीं हा करार फार महत्त्वाचा आहे. ज्यास नको म्हणण्याची मुभा आहे, तेंच माणूस मोकळ्या मनानें बरोबर येतें.

तेथील जेवणाचें वर्णन लांबवीत नाहीं. मालकीणबाईंनीं पहिली वाटी दोन्ही हातांनीं आक्कापुढें ठेविली व त्या किंचित् वांकल्या. नातवानें आपल्या बहिणीचा हात धरून ठेविला. आक्कानें चमचा उचलला तेव्हांच तो सोडला. हा शिष्टाचार त्यास कोरियन मित्राच्या घरीं कळला होता. आपल्या घरीं तो शिकविण्याचा यत्न आम्हीं अठरा वर्षें केला, ही गोष्ट निराळी. आक्कानें पेज चाखली व म्हणाली, "भोपळ्याची खीरच ही, फक्त वेलदोडा राहिला." शेवया तिला रुचल्या नाहींत, तसें तिनें सांगितलें व त्या बाजूस ठेविल्या. पालेभाजी दोनदां मागून घेतली. इतरांनीं बिबिंबाप कालवून खाल्ला. निघतांना दोन्ही वृद्ध स्त्रिया एकमेकींचे हात धरून बराच वेळ उभ्या होत्या. एकीची भाषा दुसरीस कळत नव्हती, व दुभाष्याची गरज कोणास भासली नाहीं.

आणखी कांहीं सूचना थोडक्यांत. त्यांच्याकडे रश्शाचें एकच भांडें मध्यें ठेवून सर्वांनीं आपापल्या चमच्यानें त्यांतून घेण्याची चाल आहे. ज्यांस उष्ट्याचा विटाळ वाटतो त्यांनीं आरंभींच प्रत्येकास लहान वाटी मागावी. कोणी वाईट मानीत नाहीं. कांहीं ठिकाणीं जमिनीवर बसण्याची व्यवस्था असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठीं खुर्ची आहे किंवा नाहीं तें आधीं विचारावें. न्यू जर्सींत आरोग्यखात्याच्या तपासणीचा निकाल उपाहारगृहाच्या दर्शनी भागीं लावण्याचा नियम आहे. 'समाधानकारक' हा शेरा पाहूनच आंत पाऊल टाकावें. बिलांत राज्याचा कर पडतो, व त्याशिवाय वाढणारास पंधरा ते वीस टक्के बक्षिशी देण्याची तिकडे रीत आहे. आपल्यासाठीं ज्यांनीं निराळी कढई काढली, त्यांच्या बाबतींत हा हिशेब काटेकोरपणें करूं नये.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप करण्यापेक्षां घरीं पुरणपोळी काय वाईट? मुळींच वाईट नाहीं. परंतु घरांतील मुलें आतां अनेक देशांच्या माणसांत वाढत आहेत, आणि त्यांच्या आनंदांत वडील माणसांस जागा राहिली पाहिजे. दुसऱ्या बाजूनें, वडिलांचा नियम हा विनोदाचा किंवा दयेचा विषय होतां कामा नये. "थोडें चालतें हो" असें म्हणून नकळत वाढणें ही तर सरळ फसवणूक होय. ती मासळीच्या रश्शापेक्षां अधिक वर्ज्य समजावी. नियम मोडावयास लावणें सोपें, व माणसास घरीं ठेवून जाणेंही सोपें. नियमासकट माणसास बरोबर नेणें यास मात्र चार दूरध्वनि, एक नवी कढई आणि थोडा धीर लागतो. आमच्या मतें तेवढा खर्च प्रत्येक घरास परवडण्यासारखा आहे.